समुद्रफुलावरच्या कोळंब्या पिशवीतून टाकीत कशा उतरवाव्यात

शेपूट पाठीवर उचलून सतत डोलणारी थॉर अ‍ॅम्बॉइनेन्सिस ही जेमतेम दीड सेंटिमीटरची कोळंबी समुद्रफुलाच्या (सी अ‍ॅनिमोन या प्राण्याच्या) तंतूंमध्ये राहते. या जातीच्या कोळंब्या नाजूक असल्यामुळे टिकत नाहीत, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. त्या बहुधा पहिल्या दोन तासांतल्या आपल्या घाईने मरतात.

टाकी काही महिने स्थिरावलेली असावी आणि तापमान २४ ते २६ अंश असावे. पूर्वी तांब्याचे औषध घातलेली टाकी किंवा त्यातले दगड वापरू नयेत. कोळंब्या खाणारा हॉकफिश मासा असेल तर कोळंबी आणूच नये. पंपाच्या तोंडाला स्पंज लावावा.

आता क्षारतेकडे, म्हणजे पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणाकडे वळू. पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून कोळंबी सोडून द्यावी, हा सल्ला मीही पाळला होता. पिशवीतले पाणी मी नंतर मोजले, तेव्हा त्याची क्षारता हजारी २७ भरली आणि टाकीची ३५ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तीनपैकी दोघींचे पारदर्शक अंग दुधासारखे पांढरे पडले होते आणि तिसरी पुढे कात टाकतानाच मेली. क्षारतेतला असा धक्का मासा अनेकदा सोसतो, कोळंबी सोसत नाही. म्हणून पिशवी उघडताच सर्वांत आधी रिफ्रॅक्टोमीटरने मोजावे, आणि ते उपकरणही नुसत्या शुद्ध पाण्यावर नव्हे, तर ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवलेले असावे.

मग कोळंबी पिशवीतल्या पाण्यासह डब्यात घ्यावी. फरक एक-दोनाचा असेल तर त्यात अर्धा तास टाकीच्या पाण्याचे थेंब सोडणे पुरते. जास्त असेल तर बारीक नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब सोडावेत, पाणी दुप्पट झाले की निम्मे काढून टाकावे आणि पुन्हा दुप्पट होऊ द्यावे. २७ चे पाणी पहिल्या फेरीत ३१, दुसरीत ३३ आणि तिसरीत ३४ होते. तिसरी फेरी मी कधीही वगळत नाही. डबा टाकीच्या पाण्यात अर्धा बुडालेला ठेवावा, नाहीतर तेवढ्या वेळात तो गार पडतो.

लांबच्या प्रवासातून आलेल्या पिशवीत मात्र हे करू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी होते, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी पिशवीइतक्याच क्षारतेचे व तापमानाचे स्वच्छ खारे पाणी करून कोळंबी लगेच त्यात हलवावी आणि थेंब तिथे सुरू करावेत.

जाळीत पाय अडकतात, म्हणून छोट्या पेल्याने उचलावे. पिशवीचे पाणी टाकीत ओतू नये. दिवे मालवून, पंप थांबवून आश्रयाजवळ सोडावे. समुद्रफूलच हवे असे नाही, युफिलिया प्रवाळ किंवा साधे मशरूम प्रवाळही चालते. एलिफंट इअर मशरूम मात्र मिटून कोळंबी गिळते, त्याच्या जवळपासही सोडू नये.

तीन किंवा अधिक एकत्र ठेवाव्यात. बारीक केलेला मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव, माशांचे खाद्य) नियमित द्यावा, कारण उपाशी कोळंबी टाकीतले झोअँथिड (प्रवाळासारखे जीव) कुरतडते. पुढे कधी दगडाखाली मिशांसकट अख्खे, काचेसारखे रिकामे कवच दिसले तर ती मेली असे समजू नये. कात टाकलेली कोळंबी नवे कवच घट्ट होईपर्यंत लपून बसते, तिला शोधण्यासाठी दगड हलवू नयेत.