लोखंडी बुलेट उघडण्याआधी

लोखंडी ब्लॉकची जुनी रॉयल एनफिल्ड बुलेट पूर्ण खोलून पुन्हा बांधायची असेल तर पाना हातात घ्यायच्या आधी कागद काढा. आरसी, विमा आणि दोन्ही नंबरांची छाप. चेसिसचा नंबर हँडलच्या मानेशी असतो, इंजिनाचा डावीकडच्या क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या पेटाऱ्यावर) सिलिंडरच्या बुडाशी. त्यावर रॉकेलचं फडकं फिरवायचं, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेले आकडे आरसीशी ताडून बघायचे. कारकुनाच्या हातून 3 चा 8 झालेला असेल तर तो आत्ताच सापडू दे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, त्यापुढे दर 5 वर्षांनी फॉर्म 25 भरून गाडी आरटीओला दाखवायची. ती मुदत जवळ आली असेल तर ते काम आधी उरका. डब्यांत भरलेली गाडी कुणाला दाखवणार?

मग आपली गाडी नेमकी कुठल्या पिढीची ते ठरवा. मद्रासला 1955 पासून बनत आलेल्या 350 बुलेटचा सांगाडा वर्षानुवर्षं तोच राहिला: लोखंडी ब्लॉक (म्हणजे सिलिंडर), 70 मिमी बोअर (सिलिंडरची आतली रुंदी), 90 मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), 346 सीसी, गिअरपेटी वेगळी आणि गिअर उजव्या पायाला, एक वर, तीन खाली. म्हणूनच गॅरेजात छातीठोकपणे सांगतात, 'बुलेटचं काहीही बुलेटला बसतं.' बसतं हो. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, आणि दोन्हींच्या मधला खर्च आपल्या खिशातून जातो. नंतरच्या एव्हीएल इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, ऑइलची वाटही निराळी. 2008 नंतरच्या यूसीई इंजिनात तर गिअरपेटी इंजिनाच्याच पोटात गेली. त्या दोघांचे आतले पार्ट 'स्वस्तात मिळतायत' म्हणून उचलू नका.

यादी करताना तीन रकाने पाडा. पहिल्यात सरळ बसणारं: क्लचप्लेट, केबल, लिव्हर, ठिणगी पाडणाऱ्या इग्निशनचे पॉइंट आणि कंडेन्सर. यावर डोकं खर्च करू नका, चांगल्या कंपनीचं घ्या आणि पुढे चला.

दुसरा रकाना जोडीने येणाऱ्या वस्तूंचा, आणि पैसे इथेच जातात. 6 व्होल्टची गाडी 12 वर न्यायची म्हणजे बॅटरी बदलून भागत नाही. चार्जिंगची सगळी व्यवस्था, झाडून सगळे बल्ब आणि हॉर्न, सगळंच आलं. पुढे मोठा 7 इंची ड्रम हवा असेल तर हब, ब्रेकप्लेट, केबल आणि त्या हबच्या मापाचे स्पोक धरा; चाक नव्याने विणावं लागतं, आणि विणणारा चांगला कारागीर आता शोधावा लागतो. गिअर डाव्या पायाला घ्यायचे तर ब्रेकचं पेडल उजवीकडे जातं. मागचा ड्रम मात्र डावीकडेच राहतो, म्हणून गाडीखालून आडवा शाफ्ट टाकावा लागतो. एका हौसेपायी चार वस्तू. त्या चारही घरात आल्याशिवाय पहिली खोलू नका.

तिसरा रकाना मोहाचा. 500 सीसीच्या बुलेटचाही स्ट्रोक 90 मिमीच, बोअर तेवढा 84. मग जुन्या बाजारात 500 चा ब्लॉक दिसला की हात शिवशिवतात. पण त्यासाठी क्रँककेसचं तोंड लेथवर मोठं करावं लागतं आणि ते पुन्हा लहान होत नाही. शिवाय आरसीवर 346 सीसी आणि रस्त्यावर 499, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. क्रँककेसच बदलायचा विचार असेल तर इंजिन नंबर त्याच्यावरच कोरलेला आहे, हे आठवा आणि आरटीओची परवानगी आधी घ्या.

हत्यारांत माझा हट्ट आट्यांच्या गेजसाठी (बोल्टचे आटे ओळखायच्या पट्ट्या). जुन्या बुलेटवर इंची आटे आणि मिलिमीटरचे आटे शेजारीशेजारी नांदतात, त्यात आधीच्या मालकाने वेळ मारून नेण्यासाठी ठोकलेले बोल्ट वेगळे. चुकीचा बोल्ट दोन आटे बोटाने गोड फिरतो, तिसऱ्याला जड होतो. तिथेच थांबायचं. त्यावर पाना लावला की ॲल्युमिनियमचे आटे मेलेच. त्यामुळे नेहमीच्या पान्यांच्या जोडीला इंची पाने, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), क्लचचा पुलर आणि बारीक माप घ्यायला एक नीट व्हर्नियर लागेल. टायमिंग कव्हरच्या आत क्रँकच्या टोकाला ऑइल पंप फिरवणारा वर्म नट आहे, त्याचे आटे उलटे. मला हे ठाऊक नव्हतं. पान्याला दोन फुटी पाइप लावून मी तो 'सोडवत' होतो, म्हणजे प्रत्यक्षात आवळत होतो. कट्‌ असा आवाज आला आणि आमचा तो रविवार तिथेच संपला. कव्हरच्या आतल्या बाजूला आता खडूने बाण काढून ठेवलाय.

पिस्टन आधी, बोअर (सिलिंडर आतून घासून मोठा करणं) नंतर. ओव्हरसाइज पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक लेथवाल्याकडे द्यायचा नाही. खोक्यावर माप काहीही छापलेलं असो, तो पिस्टन मोजूनच बोअर करायला सांगा. बिग एंडचीही (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) परीक्षा याच वेळी. पिस्टन वरच्या टोकाशी आणून कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. सरळ रेषेत खटका लागला तर काम आहे. मुळात तिथे फिरता बुश असतो, आता बरेच जण बेअरिंगचा किट टाकतात. मला तो बदल पटतो, पण फ्लायव्हील प्रेसवर जोडून सेंटरवर सरळ करणारा माणूस ओळखीचा असेल तरच. तो नसेल तर बुशच बरा.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, अडलंच तर दिल्लीचं करोल बाग. जाताना जुना पार्ट पिशवीत असू द्या, तोंडी वर्णनावर खरेदी नको. खोलताना फोटो काढा, नट-वॉशर आइस्क्रीमच्या डब्यात टाका आणि डब्यावर नाव लिहा. घरच्यांना फ्रीजमधला डबा कुठला आणि इंजिनाचा कुठला, हेही सांगून ठेवा.

जोडणीच्या दिवसासाठी 20डब्ल्यू50 ऑइल, नवे गॅस्केट आणि नवा फिल्टर तयार हवा. पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावायचे ते इंजिन गार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून: पुशरॉड बोटांनी गोल फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये. गाडी सुरू झाली की लगेच रेस देऊ नका. रॉकरकडे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या वरच्या दांड्यांकडे) जाणाऱ्या बारीक ऑइल पाइपचा बोल्ट किंचित सैल करा आणि बोट लावून बघा. तिथे ऑइल झिरपताना दिसलं की बोल्ट आवळा. नाही दिसलं तर इंजिन बंद करा आणि टायमिंग कव्हर पुन्हा उघडा. खडूचा बाण तिथेच आहे.