आराखडा ऑक्टोबरात, टंचाई मेमध्ये : गावाच्या नियोजनातल्या या चुका टाळा

ग्रामपंचायत विकास आराखड्यात ‘हवामान बदल’ शोधायला गेलं की बहुतेक गावांत एकच ओळ सापडते : वृक्षलागवड, ५०० रोपं. बाकी रस्ता, गटार, मोरी (रस्त्याखालून पाणी काढून देणारी) गेल्या वर्षीचीच. झाडं लावाच, पण हवामान त्या एका रकान्यात कोंबू नका. ते प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात दिसलं पाहिजे.

मोरीचंच घ्या. एका गावात वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ६०० मिमीची पाइप मोरी दोन पावसाळ्यांत दोनदा वाहून गेली. दोन्ही वेळा जुनंच अंदाजपत्रक तारीख बदलून पुढे गेलं. शेवटी शिवारफेरीत एका आजीबाईंनी गोठ्याच्या भिंतीवर गाळाची रेघ दाखवली, “पाणी हितवर आलं हुतं.” टेप लावून ती मोजली आणि मग ९०० मिमीचा पाइप ठरला. व्यास दीडपट, पण पाण्याला तोंड सव्वादोनपट. (पऱ्हाटी, पाचट वाहून येत असेल तर पाइप तुंबणारच. तिथे स्लॅबची मोरी बरी.) अशा रेघा दिवाळीच्या रंगरंगोटीआधी गाठा.

वार्षिक सरासरी पाहून ‘पाऊस ठीक आहे’ म्हणणं ही दुसरी फसगत. महिन्याभराचा पाऊस दोन दिवसांत पडला तरी सरासरी गाठली जाते, पीक मात्र जातं. महसूल मंडळाचे (तालुक्यातल्या काही गावांचा मिळून एक गट) रोजचे आकडे काढा. २४ तासांत ६५ मिमीच्या वर किती वेळा गेला आणि मधला खंड किती दिवसांचा, एवढं पुरे. मंडळाचं केंद्र लांब असेल तर शाळेत पर्जन्यमापक बसवा. हिवरे बाजार गावात पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि पिकं त्यावरून ठरतात.

‘यासाठी निधी नाही’ हेही नेहमीचंच. १५व्या वित्त आयोगातून केंद्राचा जो निधी ग्रामपंचायतींना आला, त्यातला ६० टक्के २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखीव होता. त्या बंधित निधीतला निम्मा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी होता. शाळेच्या छतावरचं पाणी टाकीत घ्यायला वेगळी योजना कशाला हवी?

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. आराखड्याचं काम सुरू होतं २ ऑक्टोबरच्या सुमारास. तेव्हा विहिरी काठोकाठ, टँकर कुणाला आठवणार? म्हणून मेमध्येच वहीत लिहा : कोणती विहीर कधी आटली, कोणत्या वस्तीला टँकरच्या किती खेपा. हे बायकांना विचारा, हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. ती वही ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मोठ्यांदा वाचा आणि मगच कामांचा क्रम लावा.