प्रसूतीची पिशवी भरताना: ती उघडणारे हात वेगळे असतात

प्रसूतीसाठी रुग्णालयात न्यायच्या सामानाच्या याद्या हव्या तितक्या मिळतात आणि बहुतेकींत एकच उणीव असते. काय घ्यावे हे त्या सांगतात. घेतलेले कसे ठेवावे याबद्दल मात्र काही सांगत नाहीत. ही पिशवी गरोदर स्त्री घरी बसून सवडीने भरते. ती उघडतो तिचा सोबती, अनोळखी खोलीत, घाईने आणि अनेकदा अपरात्री. घरातल्या व ओळखीतल्या अनेक जणींच्या पिशव्या मी त्यांच्यासोबत बसून भरल्या आहेत आणि रुग्णालयात सोबतीला राहून त्यांतून वस्तू शोधल्याही आहेत. म्हणून या लेखात वस्तूंपेक्षा रचनेला अधिक जागा दिली आहे.

केव्हा भरावी

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ पूर्ण दिवसांचे मानले जाते. परंतु जगभरात साधारण दहांपैकी एक बाळ त्याआधीच जन्माला येते. त्यामुळे ३५व्या आठवड्यापर्यंत पिशवी तयार असावी. जुळी असतील, रक्तदाब वाढलेला असेल किंवा आधीची प्रसूती वेळेपूर्वी झालेली असेल, तर ३२व्या आठवड्यातच ती भरून ठेवावी.

आधी रुग्णालयात विचारावे

पॅड, डायपर आणि बाळाचे कपडे तिथून मिळतात का, प्रसूतीकक्षात किती सामान व किती माणसे येऊ देतात आणि कळा सुरू असताना खाण्यापिण्याचे काय नियम आहेत, एवढे प्रश्न पुरेत. उत्तरे मिळाल्यावर अर्धी यादी आपोआप गळून पडते.

कागदपत्रे

तपासण्यांची फाइल, रक्तगटाचा अहवाल, अलीकडची सोनोग्राफी, ओळखपत्र आणि विम्याचे कागद एकाच पाकिटात ठेवावेत. फाइलच्या पहिल्याच पानावर एक चिठ्ठी लावावी. तिच्यावर रक्तगट, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे, आधीच्या शस्त्रक्रिया आणि दोन माणसांचे दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहावेत. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ते अधोरेखित करावे, कारण बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाल्यास आईला ७२ तासांच्या आत इंजेक्शन द्यावे लागते. कळा येत असताना या प्रश्नांना उत्तरे देणे फार जड जाते.

सामानाची विभागणी: खरी अवघड पायरी

आईचे एका पिशवीत, बाळाचे दुसऱ्या पिशवीत आणि सोबत्याचे तिसऱ्या पिशवीत, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकायला नीटनेटका वाटतो, पण प्रत्यक्षात उपयोगी पडत नाही. बाळ जन्मते त्या घटकेला आईचा एक पॅड व एक गाऊन आणि बाळाची एक टोपी व दोन दुपटी एकदमच मागितली जातात. माणसांनुसार विभागणी केलेली असेल, तर सोबत्याला त्या क्षणी दोन भरगच्च पिशव्या उपसाव्या लागतात आणि प्रत्येकीच्या तळाशी असलेली वस्तूच नेमकी हवी असते. मलाही ही रचना नीट बसवायला बराच काळ लागला, आणि आता माझे मत पक्के आहे: सामान माणसांनुसार वेगळे करू नये, ते कोणत्या वेळी लागणार आहे त्यानुसार वेगळे करावे.

त्यासाठी मोठ्या पिशवीत चार पुडकी करावीत. शक्यतो ती पारदर्शक असावीत, म्हणजे न उघडताही आतले दिसते. पहिले पुडके कळांच्या वेळचे. त्यात सैल, पुढून उघडणारा गाऊन, पायांत सहज सरकवता येतील अशा न घसरणाऱ्या चपला, मोजे, केस बांधायचे रबर, ओठांना लावायचे मलम आणि नळी असलेली पाण्याची बाटली ठेवावी. आडवे पडून साध्या बाटलीतून पाणी पिता येत नाही, म्हणून नळी हवीच.

दुसरे पुडके सर्वांत लहान आणि सर्वांत महत्त्वाचे आहे. ते जन्मानंतरच्या पहिल्या तासासाठी असते. त्यात बाळाची टोपी, दोन मऊ सुती दुपटी, एक झबले आणि एक डायपर ठेवावे. आईसाठी एक मोठा पॅड, एक उंच कमरेची सैल चड्डी आणि एक स्वच्छ गाऊन एवढेच घ्यावे. दुपटी दोनच का, आणि एक का नाही, असे पुष्कळ जणी विचारतात. बाळ ओले जन्मते आणि ओल्या त्वचेवरून उष्णता फार वेगाने निघून जाते. म्हणून पहिल्या दुपट्याने बाळाला पुसले की ते ओले दुपटे लगेच बाजूला करून दुसरे कोरडे दुपटे पांघरावे लागते. हे पुडके प्रसूतीकक्षाच्या दारातून हातोहात आत देता यायला हवे. त्यात आणखी काही कोंबण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ‘असू दे, लागले तर’ म्हणून घातलेली प्रत्येक वस्तू टोपी सापडायला उशीर करते.

तिसरे पुडके वॉर्डातील दिवसांचे आणि चौथे घरी जाण्याचे. चारही पुडक्यांवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे. मात्र ‘पुडके दोन’ असे न लिहिता ‘बाळ जन्मल्यावर लगेच द्यायचे’ असे लिहावे. घाबरलेल्या माणसाला क्रमांकांचा अर्थ आठवत नाही. वाक्य वाचले की कळते. बाळाचे कपडेही सगळी झबली एकत्र, सगळ्या टोप्या एकत्र असे रचू नयेत. एका वेळचे झबले, डायपर आणि दुपटे यांची एकत्र गुंडाळी करावी, म्हणजे एक गुंडाळी उचलली की काम झाले.

आता या पायरीचा जो भाग जवळजवळ सगळेच टाळतात, तो सांगते. पुडकी पिशवीत सोबत्याने स्वतःच्या हाताने ठेवावीत. गरोदर स्त्रीने बसून फक्त सांगावे. सगळे झाल्यावर एक दिवस मध्ये जाऊ द्यावा आणि मग तिने एकेक वस्तू मागावी, तिच्या जागेबद्दल मात्र काहीही सांगू नये: पॅड दे, बाळाची टोपी दे, फाइल दे. त्याला एकदाही ‘कुठे ठेवले आहे?’ असे विचारावे लागले, तर रचना बदलावी. दोष सोबत्याचा मानू नये. मी हा आग्रह प्रत्येक वेळी धरते, आणि ‘त्याला सापडेल सगळे’ हे उत्तर कधीही मान्य करत नाही. कळा तीव्र झाल्यावर त्या स्त्रीला वस्तूंचे पत्ते सांगत बसावे लागणे हा तिच्यावरचा अन्याय आहे. त्या वेळी तिचे सारे लक्ष तिच्या शरीराकडेच असले पाहिजे.

वॉर्डातील दिवसांसाठी

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव साधारण चार ते सहा आठवडे टिकतो आणि पहिल्या काही दिवसांत तो सर्वाधिक असतो. त्यामुळे पॅड जाड, लांब आणि भरपूर घ्यावेत. नेहमीच्या पाळीचे पातळ पॅड पुरत नाहीत. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, तर तो बदलून गप्प न राहता नर्सला ताबडतोब सांगावे. चड्ड्यांचे इलॅस्टिक कमरेच्या वर येईल असे असावे. सिझेरियनची जखम ओटीपोटाच्या खालच्या भागात असते आणि आखूड चड्डीचे इलॅस्टिक नेमके तिच्यावर घासते. सिझेरियन होणार नाही असे वाटत असले, तरी याच मापाच्या चड्ड्या घ्याव्यात.

स्तनपानासाठी आधीच मापाची महाग ब्रा घेऊ नये. दूध भरून यायला बहुधा दोन ते चार दिवस लागतात आणि त्यानंतर माप बदलते. तोवर तार नसलेली, सैल, ताणली जाणारी ब्रा पुरते.

बाळाचे कपडे पुढून उघडणारे असावेत. नवजात बाळाची मान सावरलेली नसते, त्यामुळे डोक्यावरून घालायचे कपडे पहिल्या आठवड्यांत त्रासाचेच ठरतात. सर्व कपडे सुवास नसलेल्या सौम्य साबणाने एकदा धुऊन ठेवावेत. डायपर नाळेच्या खाली दुमडता येईल असा घ्यावा, म्हणजे नाळ कोरडी राहते.

काय घरीच ठेवावे

बाळाची पावडर घेऊ नये, कारण तिचे कण श्वासावाटे फुप्फुसात जातात. अत्तर नको. उशी व मऊ खेळणी नकोत; बाळाने सपाट, घट्ट गादीवर उताणे झोपावे आणि त्याच्याजवळ मऊ काहीही असू नये. हातमोजे घेतले तर त्यांच्या आत सुटे धागे नाहीत ना, हे उलटून पाहावे; असा धागा बोटाला आवळला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. बाळाचे तेल-साबणही पहिल्या दिवशी लागत नाहीत, कारण पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अंगठ्या घरीच काढून ठेवाव्यात, बोटे सुजतात. नखांचे रंगही पुसून टाकावेत, कारण गडद रंगामुळे बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण चुकीचे दिसू शकते.

सोबत्याचे सामान

त्याची मात्र एक लहान वेगळी पिशवी असावी: कपड्यांचा एक जोड, खाऊ, रोजची औषधे आणि लांब वायरचा चार्जर. उपाशी सोबती कामाचा नसतो.

निघताना

काही वस्तू शेवटच्या क्षणापर्यंत वापरात असतात, म्हणून आधी भरता येत नाहीत: चष्मा, फोन, रोजच्या गोळ्या. त्यांची चिठ्ठी पिशवीच्या चेनला बांधून ठेवावी आणि पिशवी दाराजवळ, दोघांनाही माहीत असलेल्या जागी असावी. मोटारीने घरी येणार असाल, तर बाळाचे आसन ३६व्या आठवड्यातच बसवून त्याचे पट्टे लावण्याचा सराव करावा. जाड, फुगीर कपडे घालून त्यावर पट्टे आवळू नयेत, पांघरूण पट्ट्यांवरून घालावे.

घरी असतानाच गर्भाशयातले बाळाभोवतीचे पाणी गेले, तर पॅड लावून वेळ आणि पाण्याचा रंग लक्षात ठेवावा, कारण रुग्णालयात सर्वांत आधी तेच विचारतात. पाणी हिरवट असेल, रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल कमी झालेली असेल, तर चिठ्ठीवरच्या वस्तू गोळा करत थांबू नये. फाइल आणि दुसरे पुडके उचलून लगेच निघावे आणि बाकीचे सामान मागाहून कोणाकडून तरी आणवून घ्यावे.