लिनक्सची रूट रीड-ओन्ली झाली? आधी डीमेसेज, मग रीबूट

साधी फाइल सेव्ह करायला गेलं तरी लिनक्सचं मशीन ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टीम’ (फक्त वाचा, लिहू नका) म्हणून तोंडावर दार लावतं, तेव्हा हात आपसूक रीबूटकडे जातो. माझाही गेला. म्हणून आधी सांगतो, रीबूट करू नका. डीमेसेज, म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) रॅममध्ये ठेवलेल्या नोंदी, बाहेर काढा; रीबूट केलं की त्या पुसल्या जातात.

एक्स्ट४ला (लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीमला) चूक सापडली की, तसं सेट असेल तर, कर्नल रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टीम, रीड-ओन्ली करतो आणि का केली ते डीमेसेजमध्ये लिहितो. पण लॉग जायचे त्याच डिस्कवर, आणि तिथे तर लिहिणंच बंद. रीबूटनंतर जर्नलसीटीएल (साठवलेले लॉग दाखवणारी कमांड) उघडलं, तर नेमका तेवढाच भाग गायब. तेव्हा दुसऱ्या लॅपटॉपवरून एसएसएच लावून (नेटवर्कवरून मशीनमध्ये शिरून) डीमेसेज चालवा आणि आउटपुट लॅपटॉपवरच्याच फाइलीत वळवा. एसएसएच लागत नसेल तर पेन ड्राइव्ह माउंट करा (सिस्टीमला जोडा), तेही जमत नसेल तर मोबाइलने स्क्रीनचे फोटो काढा. /रन फोल्डरमध्ये लिहिता येतं म्हणून तिथे ठेवू नका, तीही रॅमच, रीबूटला पुसली जाते.

मी दोनदा नुसताच रीबूट केला. एफएससीकेने (फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणाऱ्या कमांडने) दुरुस्त केलं, मीही खूश. मग डिस्कच गेली समजून नवी एसएसडी आणली, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच! तेव्हा कुठे डीमेसेज वाचला: एटीए लिंक रीसेट (डिस्कचा जोड तुटून पुन्हा लागणं), ओळींमागून ओळी. स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) १९९ नंबरचा सीआरसी आकडा, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका, वाढत होता, १९७ची पेंडिंग सेक्टर्स (डिस्कवरच्या संशयित खराब जागा) मात्र शून्य. म्हणजे डिस्क ठणठणीत. डिस्कला जोडणाऱ्या साटा केबलची क्लिप तुटली होती, बोटाने दाबली की बसायची, सोडली की पुन्हा सैल. पहिल्याच दिवशी डीमेसेज काढला असता तर एसएसडीचे पैसे वाचले असते.

बॅकअप असेलच. नसेल तर आत्ता घ्या, वाचता तर येतंय. लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स सुरू करता येतं) दुसऱ्या मशीनवर बनवा.

एफएससीके त्या पेन ड्राइव्हवरूनच, माउंट असलेल्या रूटवर कधीच नाही. आधी ‘-एन’ लावून, काहीही न बदलता, नुसतं बघा. ‘-वाय’ (सगळ्या दुरुस्त्यांना होकार) बॅकअपनंतर, नाहीतर फाइली लॉस्ट+फाउंडमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाने शोधत बसाल. रीमाउंट करून (रूट पुन्हा लिहिता येईल अशी जोडून) पाहायला हरकत नाही असं सगळे सांगतात. पण जर्नल (एक्स्ट४ची बदलांची वही) अबॉर्ट झालं असेल तर कर्नल ऐकत नाही, आणि ऐकला तरी बिघडलेल्या डिस्कवर लिहायची घाई कशाला? फक्त एफस्टॅबमधल्या (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीतल्या) टायपोमुळे इमर्जन्सी मोडमध्ये अडकला असाल तर रीमाउंट करा, ओळ सुधारा, झालं.

बाकी नेहमीचंच. केबल बघा, मग रीबूट. डीमेसेज काढलाय ना?