जुन्या वस्तू नाताळची भेट म्हणून देताना या चुका टाळा

कापसाच्या पहिल्या दोन वेचण्या होऊन हातात थोडे पैसे आले की आपल्या विदर्भातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या खरेदीचा विषय निघतो. माझ्या ओळखीच्या अनेक घरांत अलीकडे नवी वस्तू घेण्याऐवजी जुनी पण दणकट वस्तू शोधून भेट देण्याची आवड निर्माण झाली आहे, आणि मला ती मनापासून पटते. पितळेची घागर, चावीचे घड्याळ, सागवानी पेटी, लाकडी बैल या वस्तू गावागावांत अजून मिळतात आणि त्यांची घडण आजच्या मालात सहसा सापडत नाही. तरीही अशा भेटींपैकी बऱ्याच काही महिन्यांत माळ्यावर जाऊन पडतात. देणारा वस्तू विकत घेतो, पुसतो, कागदात गुंडाळतो आणि थांबतो; तपासणी, दुरुस्ती, कल्हई, वायर बदलणे ही कामे मात्र घेणाऱ्याच्या अंगावर येतात. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

दिसण्यावर जाऊन विजेची वस्तू देणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका कबाड्याकडे मला व्हॉल्व्हचा जुना रेडिओ दिसला. लाकडी खोके पॉलिश केलेले होते, पुढचे कापड शाबूत होते आणि काचेवरची केंद्रांची नावे स्पष्ट वाचता येत होती. १९४८ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्राचे कार्यक्रम मामांनी तरुणपणी अशाच रेडिओवर ऐकले होते, म्हणून तो त्यांच्यासाठी घेतला आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांच्या हाती दिला. मामांनी तो सगळ्यांसमोर प्लगला लावला. आधी नुसती घरघर आली, मग खोक्याच्या मागच्या जाळीतून जळका वास येऊ लागला आणि मामींनी धावत जाऊन बटण बंद केले. मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, पण पुढे तो जड रेडिओ बसमध्ये मांडीवर घेऊन त्यांना अमरावतीला दुरुस्तीसाठी जावे लागले.

झाले होते ते असे. जुन्या रेडिओतील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहिले की आतून खराब होतात, आणि अशा संचाला एकदम पूर्ण दाबाची वीज दिली की त्यांतून नको तेवढा प्रवाह वाहून ते तापतात व फुटतात. म्हणून असा रेडिओ घेतल्यावर तो घरी लावून पाहण्याचा मोह टाळावा आणि आधी मेकॅनिककडे न्यावा. जाणता मेकॅनिक पहिल्यांदा त्याला सिरीज बल्ब लावून, म्हणजे मध्ये जोडलेल्या एका साध्या बल्बमधून, वीज देतो; बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे हे संच न जळता कळते. कंडेन्सर आणि कापडी आवरणाची जुनी वायर बदलून घेण्याचा खर्च रेडिओच्या किमतीतच धरावा. शेतीपंपांचा भार कमी-जास्त होताना आपल्या गावांत विजेचा दाब कसा चढउतार करतो हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे सोबत एक लहान स्टॅबिलायझर दिल्यास भेट खऱ्या अर्थाने वापरता येते. शिवाय अशा जुन्या संचांवर साधारणतः एफएम नसते. भेट ज्या घरी जाणार आहे तिथे कोणते मध्यम लहरी केंद्र ऐकू येते याची आधीच चौकशी करावी.

हीच काळजी नाताळच्या ताऱ्यातील आणि झाडावरच्या जुन्या विजेच्या माळांबाबत घ्यावी. वायर बोटांत वाकवून पाहावी, आणि तिचे आवरण तडकत असेल तर ती माळ कोणालाही देऊ नये.

पितळेच्या भांड्याची नीट पारख न करणे

विदर्भातल्या जुन्या वस्तूंत मला सर्वांत प्रिय असलेली वस्तू म्हणजे पितळेचे भांडे, आणि चुकाही इथेच अधिक होतात. पहिली तपासणी लोहचुंबकाची. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटले तर वरून पितळेचा रंग दिलेले लोखंड आहे असे समजावे. दुसरी तपासणी पाण्याची. घागर किंवा हंडा काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवावा आणि सकाळी बुडाखाली ओल आली आहे का ते पाहावे. गळती बंद करण्यासाठी जागोजागी वितळलेल्या धातूचे डाग दिलेले असतील तर ते भांडे पिण्याच्या पाण्यासाठी देऊ नये, कारण जुन्या डागांत शिसे असण्याची शक्यता असते. असे भांडे फुलझाडासाठी किंवा कोपऱ्यात शोभेसाठी उत्तम आहे, मात्र देताना तसे स्पष्ट सांगावे.

स्वयंपाकाच्या भांड्याला कल्हई हवीच. आत पांढरी चकाकी अखंड असेल तर कल्हई टिकून आहे, आणि मधूनमधून पिवळे पितळ डोकावत असेल तर ती गेली आहे. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंचेचे सार किंवा टोमॅटोची भाजी ठेवली की ती कळकते, आणि कळकलेले अन्न खाल्ल्यास मळमळ, उलट्या होतात. कल्हईवाल्याला शुद्ध कथीलच वापरायला सांगावे, कारण शिसे मिसळलेली कल्हई अन्नासाठी घातक असते. कल्हईवाले आता गावात क्वचित येतात; त्यामुळे भांडे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत घेऊन ठेवावे, म्हणजे त्यांची वाट पाहायला किंवा शहरात जाऊन कल्हई करून घ्यायला वेळ मिळतो. २३ डिसेंबरला घेतलेले भांडे बहुधा तसेच, बिनकल्हईचे दिले जाते.

आता भांड्यावरच्या नावाविषयी. लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव आणि तारीख घालण्याची आपली जुनी रीत आहे, आणि मोडीत निघालेल्या भांड्यांवर ही नावे तशीच असतात. एका नाताळला मी आजीला घागर दिली. तिने ती उन्हात नेली, गळ्याजवळची कोरलेली अक्षरे बोटाने चाचपली आणि म्हणाली, ‘ह्या घागरीवर तं दुसऱ्याच बाईचं नाव हाय. तिच्या घरच्यायनं इकली काहून?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. आजीने ती घागर जवळजवळ महिनाभर वापरली नाही. पुढच्या बाजाराला मी दुकानदाराला जाऊन विचारले, तेव्हा कळले की भावाभावांत वाटणी झाली आणि दोन्ही सुनांनी स्टीलची भांडी घेण्यासाठी पितळ विकले. ती बाई हयात होती आणि तिनेच संमती दिली होती. हे ऐकल्यावर आजीने घागर त्याच दिवशी घासली. तेव्हापासून मी वस्तू घेतानाच विचारतो की ती कोणाच्या घरची आणि का विकली गेली. आधीचे नाव खरवडून काढू नये असे माझे ठाम मत आहे. नवे नाव घालायचे असेल तर ते खाली, लहान अक्षरांत घालावे.

लहान मुलांसाठी जुनी रंगीत खेळणी

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचे, लाकडी बैल विदर्भाबाहेर फारसे दिसत नाहीत, आणि चाकांचा, घुंगरांचा जुना बैल नाताळला नातवाला द्यावा असे कोणत्याही आजोबांना वाटेल. या बैलांवर दरवर्षी रंगाचा नवा हात दिलेला असतो. शिंगाजवळ जिथे टवका उडाला आहे तिथे निरखून पाहिले तर लाल, त्याखाली पांढरा, त्याखाली पिवळा असे थर एकावर एक दिसतात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगांत शिसे किती होते हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. लहान मूल खेळणे तोंडात घालते आणि शिशाचा परिणाम त्याच्या वाढत्या मेंदूवर होतो. म्हणून वस्तू तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलाला जुना रंगीत बैल, पाळणा किंवा गाडी देऊ नये. रंग काढण्यासाठी कोरडा पॉलिश कागद घासणे तर अधिकच धोक्याचे आहे, कारण शिसे धुळीतून घरभर पसरते. ज्याला रंग कधी लागलाच नाही असा साध्या लाकडाचा बैल मिळाल्यास तो घ्यावा, आणि त्याची चाके, खिळे व सैल घुंगरू तपासून मगच द्यावा.

बाळासाठी जुने स्वेटर किंवा दुपटे देताना डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर तेही तसेच देऊ नये. ज्या बाळाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असते, त्याच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतील नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात आणि त्याला गंभीर कावीळ होऊ शकते. कपडे धुऊन बरेच दिवस उन्हात घालावेत, आणि वास तरीही जात नसेल तर ते नवजात बाळासाठी वापरू नयेत.

कायद्याकडे दुर्लक्ष करणे

मेळघाट आणि ताडोबाच्या आसपासच्या गावांत जुन्या घरांच्या भिंतींवर चितळाची किंवा सांबराची शिंगे अजून दिसतात, आणि ‘आजोबांच्या काळातली आहेत’ असे सांगून कोणी ती विकायलाही काढतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा शिंगांची, कातड्यांची, नखांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि शिंगे आपोआप गळून पडलेली असली तरी त्याने फरक पडत नाही. अशी वस्तू भेट देणे म्हणजे आपल्या माणसाला अडचणीत टाकणे होय. शेत नांगरताना सापडलेली नाणी किंवा दागिने कोणी स्वस्तात देऊ केले तर तेही घेऊ नयेत. जमिनीत सापडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. जुना मोबाइल घेत असाल तर *#०६# दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहावा, तो बिलावरच्या क्रमांकाशी जुळवावा आणि संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तपासावा, म्हणजे चोरीचा फोन नाताळच्या भेटीत येणार नाही.

घड्याळ, पेटी, पुस्तक

एचएमटीची चावीची घड्याळे वडीलधाऱ्यांना फार आवडतात. त्यांचे उत्पादन १९६१ मध्ये बंगळुरूत सुरू झाले आणि २०१६ मध्ये घड्याळांचा हा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला, त्यामुळे आज ‘नवेकोरे’ म्हणून मिळणाऱ्या घड्याळांची तबकडी पुष्कळदा नव्याने रंगवलेली असते. भिंगातून पाहिल्यास अक्षरांच्या कडा जाड, फाटलेल्या दिसतात. असे घड्याळ घेण्यात गैर काही नाही, पण मूळ तबकडीचा भाव देऊ नये.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनासाठी जुनी पेटी म्हणजे हार्मोनियम देताना भाता जरूर तपासावा. सगळे खटके बंद करून, एकही पट्टी न दाबता भाता मारत राहावे. आत हवा भरली की तो अडला पाहिजे. तो सहज आतबाहेर होत राहिला तर चामडे उंदरांनी कुरतडले आहे किंवा सांधे सुटले आहेत, आणि ते काम स्वस्त नसते.

जुन्या पुस्तकाचा कागद कसर लागून चाळणी झालेला नाही ना, एवढे पाहिले तरी पुरे. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका मिशनऱ्याने नवा करार भेट दिला होता, हे आपल्याकडचे अनेक पाळक नाताळच्या दिवसांत सांगतात. मात्र रद्दीत एखादे जुने पवित्र शास्त्र मिळाले आणि त्याच्या पहिल्या पानावर एखाद्या कुटुंबातील जन्म, बाप्तिस्मे आणि मृत्यू लिहिलेले असले, तर ते भेट म्हणून कोणाला देण्याआधी त्या कुटुंबाचा शोध घ्यावा. आडनाव आणि गाव लिहिलेले असेल तर जवळच्या मंडळीत विचारून बहुधा पत्ता लागतो.

भेटीसोबत एक चिठ्ठी द्यावी, असे मी आता सर्वांना सांगतो. वस्तू कुठून घेतली, काय दुरुस्त केले, कोणी केले आणि ती कशासाठी वापरू नये, एवढे तिच्यात असावे. गेल्या नाताळला धाकट्या काकूंना दिलेल्या हंड्यात मी ठेवलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते: ‘दारव्ह्याच्या बाजारात घेतला. कल्हई नोव्हेंबरात केली आहे. बुडाशी एक डाग आहे, म्हणून पिण्याचे पाणी ठेवू नये. काठावरचे नाव ज्यांचे आहे त्या आता मुलाकडे नागपूरला असतात आणि हंडा तुमच्याकडे आला हे त्यांना कळवले आहे.’