बाळाचं नाव पक्कं करण्याआधी अध्याय वाचा

बाळ पोटात असतानाच मोबाईलवर नावांच्या याद्या फिरू लागतात: नाव, अर्थ, शुभांक, शुभ रंग. शुभांक आणि रंग ख्रिस्ती घराच्या कामाचे नाहीत. अर्थही तिथून उचलू नका. एकाच नावाचे तीन ठिकाणी तीन अर्थ सापडतात. नाव पवित्र शास्त्रातलं असेल तर ते ज्या अध्यायात येतं तो अध्याय नवरा-बायकोने मिळून वाचावा.

नुसत्या अर्थावर गेलं की फसगत होते. दावीद राजाचा मुलगा अबशालोम याच्या नावात 'शांती' आहे आणि त्यानेच बापाविरुद्ध बंड केलं. याबेसचं नाव आईने बाळंतपणाच्या वेदनेवरून ठेवलं, पण 1 इतिहास 4:9-10 मध्ये भावांपेक्षा मान त्यालाच आहे. म्हणजे नाव हे नशीब नव्हे. पुढे मुलाला दाखवता येईल असं काही त्या माणसाच्या हातून घडलंय का, एवढंच शोधायचं.

नाव बायबलमधलंच हवं असं मात्र नाही. साताऱ्या-सांगलीकडच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, कृपा, करुणा, आनंद, सुवार्ता ही नावं रुळलेली आहेत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तरी नाव नारायणच राहिलं, आणि 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तोही त्याच नावाने. जुनं नाव बदलावं का, असं विचारणाऱ्यांना रोमकरांस पत्राचा 16 वा अध्याय दाखवा. तिथली फीबी मंडळीची सेविका आहे आणि तिचं नाव ग्रीक देवतेच्या बिरुदावरून आलंय. पत्र लिहिणाऱ्या पौलाने ते बदलायला सांगितलं नाही.

सातव्या महिन्यापर्यंत तीन नावं बाजूला काढा. प्रत्येक नाव वडिलांचं नाव आणि आडनाव जोडून मोठ्याने म्हणा, मग दारातून हाक मारल्यासारखं म्हणून बघा. सॅम्युएलचा सॅम होतो, शमुवेलचा शाम्या; दोन्ही चालणार असेल तरच ठेवा. आत्याचा मान असतो, तेव्हा यादी तिच्यापुढे आधीच ठेवावी. बारशादिवशी पाळण्याशी वाद नको. "आपल्या घरात असलं नाव कुणाचंच नाही" हा आक्षेप तर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं नाव ठेवतानाही आला होता (लूक 1:61), आणि त्याचा बाप जखऱ्या याने पाटीवर नाव लिहून तो मिटवला.

लिहिण्याचाच भाग आता सगळ्यात महत्त्वाचा. देवनागरी आणि रोमन अक्षरांतलं नाव एका कागदावर पक्कं करा आणि जन्मनोंद, बाप्तिस्म्याचं रजिस्टर, आधार, शाळा अशा चारही ठिकाणी तोच कागद दाखवा. जन्माची खबर 21 दिवसांत द्यावी लागते. दवाखान्यातल्या बाळंतपणाची खबर दवाखानाच देतो, पण नावाचा रकाना बऱ्याचदा कोरा राहतो. नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क लावता येतं, त्यानंतर विलंब शुल्क पडतं. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. बाप्तिस्म्याचा दाखला त्याच्या जागी चालत नाही. घोळ होतो तो असा: रजिस्टरमध्ये पाळकसाहेब 'एस्तेर' लिहितात, दाखल्यावर 'इस्थर' येतं आणि शाळेत 'ईश्वरी'. दाखला हातात पडताच खिडकीवरच वाचून घ्या.

बाळाचा बाप्तिस्मा न करता समर्पण करणाऱ्या, म्हणजे प्रार्थना करून बाळ देवाच्या हाती सोपवणाऱ्या, मंडळ्याही आहेत. पाळकांशी महिनाभर आधी बोला आणि नावाचं वचन, म्हणजे त्या नावासाठी निवडलेली बायबलमधली ओळ, त्यांना सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी ते वाचून घेता येतं.

नाव जगणं हे नंतरचं काम, आणि इथेच बहुतेक घरं थांबतात. वचन फ्रेम करून भिंतीवर लावतात, मुलाला मात्र त्यातलं काही माहीत नसतं. बर्णबाचं उदाहरण घ्या. त्याचं मूळ नाव योसेफ. प्रेषितांनी त्याला बर्णबा, म्हणजे बोधपुत्र, म्हटलं (प्रेषितांची कृत्ये 4:36). त्याने शेत विकून पैसे दिले, सगळे भीत असताना शौलाला (पुढचा पौल) प्रेषितांकडे नेलं, आणि प्रवास अर्ध्यात सोडून परतलेल्या मार्काला पुन्हा सोबत घेतलं. यातली एक कृती निवडून आठवड्याच्या कामात बसवायची. सात-आठ वर्षांच्या मुलाने वर्गात नव्याने आलेल्या मुलाशेजारी बसावं. मिरजेत कर्नाटकातून उपचाराला लोक येतात. कन्नड बोलणाऱ्या तरुणाने रविवारी तासभर दवाखान्यात अशा रुग्णांच्या नातेवाइकांचं बोलणं डॉक्टरांच्या खिडकीपर्यंत पोचवावं. कृपा नावाच्या मुलीने कुणाची उधारी सोडावी, किंवा निदान अबोला. "मी सगळ्यांवर प्रेम करीन" असला संकल्प आठवडाभरही टिकत नाही, कारण तो पाळला की नाही हे बघता येत नाही. माणूस, वार आणि वेळ ठरवा.

दर वाढदिवसाला तो अध्याय घरात वाचावा आणि वर्षाची कृती बदलावी. दृढीकरणाच्या वर्गाला (मूल मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करण्याची तयारी) जाईपर्यंत कृती आई-वडिलांनी सुचवावी. त्यानंतर ती मुलाने निवडायची, आणि तुम्हाला पटली नाही तरी वर्षभर चालू द्यायची.