इओसिनोफिल वाढलेल्या रुग्णाला मुंबईला नेण्यापूर्वी

रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी महिनोन्‌महिने वाढलेल्याच राहिल्या आणि चोपड्याच्या, यावलच्या किंवा शिरपूरच्या डॉक्टरांनी आता रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा असे सांगितले, की घरात आधी पैशांची आणि गाडीच्या तिकिटांची धावपळ सुरू होते. ती करावीच लागते. पण त्याआधी औषधांची पिशवी उलटी करा आणि रुग्णाला स्टेरॉइड पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिले गेले ते शोधून काढा. आबांना नेताना आमच्याकडून नेमके हेच राहिले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी खाज सहन होईना म्हणून त्यांना गावातच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले होते, ते कोणी सांगितले नाही, आणि मुंबईत परळला काढलेल्या सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) इओसिनोफिल जवळजवळ दिसलेच नाहीत. स्टेरॉइडने या पेशी काही तासांतच रक्तातून उतरतात. आजार मात्र जागेवरच असतो.

म्हणून स्टेरॉइडच्या आधीचा सीबीसी रिपोर्ट, मूळ कागद, सर्वांत वर ठेवा. त्यावर नुसती टक्केवारी असेल तर एकूण पांढऱ्या पेशींचा आकडाही हवा, कारण १२,००० पेशींमध्ये २० टक्के इओसिनोफिल म्हणजे प्रति मायक्रोलिटर २,४०० होतात, आणि डॉक्टर पाहतात ते या आकड्याकडे. साधारण ५०० पर्यंत ठीक मानतात. वेगवेगळ्या वेळी केलेल्या तपासण्यांत तो १,५०० किंवा त्याहून जास्त राहिला तर अवयवांना इजा होत आहे का याचा शोध घ्यावाच लागतो. एकाच रिपोर्टवर भागत नाही, जुने सगळे तारखेनुसार लावा. ‘मोबाइलमध्ये आहेत’ हे उत्तर ओपीडीच्या गर्दीत कामाचे नाही.

औषधांच्या यादीत मिरगीची फेनिटोइन व कार्बामाझेपिन, युरिक ॲसिडसाठीचे अॅलोप्युरिनॉल आणि सल्फाची औषधे न विसरता लिहा, कारण औषधाच्या प्रतिक्रियेनेही इओसिनोफिल भरमसाट वाढतात आणि तिथे औषध बंद करणे हाच पहिला उपचार असतो. नाव नसलेल्या पुड्या आणि काढे असतील तर पुडीच सोबत न्या. आणि पुन्हा सांगतो: दम्याचे, खाजेचे, सांधेदुखीचे म्हणून दिलेले प्रत्येक इंजेक्शन विचारा, ज्या दवाखान्यात दिले तिथे जाऊन नाव आणि तारीख लिहून घ्या. अर्थात रुग्णाच्या जिवावर बेतले असेल तर स्टेरॉइड अडवून धरायचे नसते. तेव्हा इतकीच विनंती करावी की आधी रक्ताचा नमुना काढून ठेवा.

जंतांचा इतिहास लाजून लपवू नका. केळीच्या बागेत ओल्या मातीत अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या आतड्यात स्ट्राँगिलॉइडिस हा बारीक जंत वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो, एकदा केलेल्या शौचतपासणीत तो सापडेलच असे नाही, आणि स्टेरॉइड चालू झाल्यावर तो अंगभर पसरून प्राण घेऊ शकतो. म्हणून स्टेरॉइडपूर्वी आयव्हरमेक्टिन हे या जंतावरचे औषध द्यायचे का, हे तुम्हीच विचारा. अल्बेंडाझोलची एक गोळी घेतली होती, तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. रात्री वाढणारा कोरडा खोकला आणि दम असेल तर तेही ठळक लिहा. हत्तीरोगाच्या जंतांमुळे होणारा फुफ्फुसांचा हा विकार भारतात १९४० च्या दशकापासून ओळखला जातो आणि हत्तीरोगावरच्या डीईसी गोळ्यांच्या सुमारे तीन आठवड्यांच्या उपचाराने बहुधा आटोक्यात येतो.

हृदयाकडे दम लागेपर्यंत दुर्लक्ष करू नका. इओसिनोफिलमधली द्रव्ये हृदयाच्या आतल्या अस्तराला इजा करतात, तिथे रक्ताच्या गुठळ्या जमतात, त्यातला तुकडा मेंदूत गेला तर पक्षाघात होतो, आणि पुढे व्रण पडून हृदय ताठर बनते. रुग्णाला काहीही जाणवत नसले तरी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ट्रोपोनिन (हृदयाची इजा दाखवणारी रक्ततपासणी) झालेले असावे. ईसीजीची झेरॉक्स काढाच: तो कागद उष्णतेने काळा पडतो, आणि मे महिन्यात भुसावळच्या उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली पट्टी नंतर वाचता येत नाही. तळपायांच्या मुंग्या, अंगावरचे चट्टे, जुलाब, वजनातली घट हे सारे तारखांसह एका कागदावर आणा.

जनुकीय तपासणीबाबत नेमका प्रश्न विचारा. एफआयपी१एल१-पीडीजीएफआरए हा दोन जनुके चुकून एकत्र जुळल्याने होणारा, आजाराचे मूळ ठरणारा जोड २००३ मध्ये उजेडात आला. तो सापडला तर इमॅटिनिब या गोळीच्या रोजच्या १०० मिलिग्रॅम इतक्या छोट्या मात्रेनेही आजार आटोक्यात येतो. नेहमीच्या गुणसूत्र तपासणीत तो दिसत नाही, त्यासाठी फिश किंवा पीसीआर ही खास जनुकीय तपासणी लागते. हृदय बाधित असेल तर इमॅटिनिब सुरू करताना सोबत स्टेरॉइड देतात. तो जोड नसेल तर बहुतेकदा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, मग हायड्रॉक्सियुरिया किंवा इंटरफेरॉन, आणि महागडे मेपोलिझुमॅबचे इंजेक्शन, ज्याला अमेरिकेत या आजारासाठी (हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम) २०२० मध्ये मान्यता मिळाली.

अस्थिमज्जेची (हाडातल्या मगजाची) तपासणी व्हायची असेल तर ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. आधार, रेशनकार्ड, पाणी, कळण्याची भाकर, एक जाणता माणूस सोबत. निघण्याच्या आदल्या दिवशी कोणी इंजेक्शन द्यायला निघाले तर ते कशाचे, हे विचारल्याशिवाय दंड पुढे करू देऊ नका.

परतल्यावर स्टेरॉइड एकाएकी थांबवू नका, साखर तपासत राहा, पुढची तारीख चुकवू नका. बोलताना जीभ अडखळली, एक हात लुळा पडला, छातीत दुखले किंवा दम वाढला तर मुंबईच्या तारखेची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या.